नगण्य

"माफी नक्की कशाची मागायची, ते तरी सांगा सर," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ. पण पर्सचा पट्टा मुठीत घट्ट आवळलेला.

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "पाहुण्यांचा अपमान झाला, बाई. त्यांची कंपनी आपल्याला अख्खी प्रयोगशाळा बांधून देतेय. आणि तुमच्या वर्गातली ती पोरगी भर सभेत..."

"प्रश्न विचारला तिनं."

"तेच तर!"

आदल्या दिवशी शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीचे साहेब कॉलेजात व्याख्यान द्यायला आले होते. पडद्यावर उंचावरून टिपलेली एक वस्ती, तिच्यात एक घर, मग नुसता धूर. "अचूक मारा," साहेब म्हणाले, "आसपासची हानी नगण्य." तशी शेवटच्या वर्षातली शंकासुर उठली. वर्गानं तिला ते नाव काही उगाच दिलं नव्हतं.

"सर, नगण्य म्हणजे मोजण्यासारखी नव्हती, की कोणी मोजलीच नाही?"

सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो खाली ठेवेचनात.

प्रश्न खरं तर बाईंचाच. शांतता आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा विषय शिकवताना पहिल्याच तासाला त्या सांगत, 'अहवाल कुठलाही असो, मेलेली माणसं ज्या शब्दाखाली झाकलीत तो शब्द उचलून बघा.' इतकी वर्षं पोरं ते उतरवून घेत होती, परीक्षेत लिहीत होती, मार्क घेऊन विसरत होती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. एकीचं विसरायचं राहून गेलं, तर तीच गुन्हेगार!

"उद्या साहेब परत येतायत. व्यासपीठावरून तिनं माफी मागायची," प्राचार्य म्हणाले. "नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. आणि तुम्ही शांततेच्या बाई ना? मग जरा शांत राहा."

"शांतच आहे मी. तुम्हाला गप्प म्हणायचंय." बाई उठल्या. "शिकवलं मी. तेव्हा माफी मागायची तर ती मी. आणि मी मागणार नाही."

"मग पुढच्या वर्षी तुमचा विषय राहतो का बघा."

जिन्यात शंकासुर उभीच होती. "बाई, शिपाईकाका म्हणाले, तुमचा विषय काढून टाकणार?"

"त्यांना सगळं आमच्या आधी कळतं. तू माफी मागायची नाहीस. मी बघते काय ते."

"तुम्ही काय बघणार, बाई? माझं वर्ष जाईल. आणि विषय गेला तर खालच्या वर्गातल्या पोरांनी काय करायचं? त्यापेक्षा एक वाक्य तर बोलायचंय."

"एकच ना? म्हणजे नगण्यच की!"

बाईंच्या तोंडून निघून गेलं. पोरगी गोरीमोरी झाली, जिना उतरून गेली. त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडले, तर बाईंच्या ओठांवर नामाऐवजी तोच शब्द येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर पुष्पगुच्छ. बाई मधल्या रांगेत. शंकासुर व्यासपीठावर गेली, माईक तिच्या उंचीला येईना म्हणून टाचा उंचावून उभी राहिली.

"माझ्या प्रश्नामुळे पाहुण्यांचं मन दुखावलं असेल, तर मी माफी मागते."

टाळ्या झाल्या. साहेब हसले, हातानं 'असू दे, असू दे' केलं. जणू ती लहान पोर आणि हे मोठ्या मनाचे!

बाई उठून उभ्या राहिल्या.

काही बोलल्या नाहीत. टाळ्या विरत गेल्या, मग थांबल्या. प्राचार्यांनी लांबूनच हात खाली दाबत बसायची खूण केली. साहेबांनी मान वळवून पाहिलं. शंकासुर माईकपाशी तशीच उभी होती, बाईंकडे बघत.

"बाई, बसा ना," मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पुढचं दिसत नाहीये."

बाई उभ्याच राहिल्या.