मुक्ताईंचा हिरवा पडदा

मित्रांनो, मी हिरव्या कापडाचा एक जुना पडदा आहे. माझी गोष्ट मी एका शनिवारपासून सांगतो. त्या शनिवारी विशेष असं काहीच घडलं नाही.

विश्रांतवाडीतल्या आमच्या घरी मुक्ताईंनी मला कपाटावरून खाली काढलं, माझ्यावर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री फिरवायला घेतली. त्यांची मुलगी पूर्णिमा खराडीला नोकरी करायची आणि तिथंच राहायची. सुट्टीला म्हणून ती आली होती आणि खुर्चीवर पाय घेऊन पोहे खात होती.

“तुमच्या ऑफिसात अख्खी भिंत हिरवी आहे म्हणतेस, मग हा कशाला हवा?” मुक्ताईंनी विचारलं.

“घरीच एक छोटी फिल्म करायचीय. आणि आई, या वेळी तू उभी राहायचंस. साडीला फॉल कसा लावतात ते सांगायचं.”

“मला कोण बघणार, बाई?”

“लोक दुसऱ्याचा स्वयंपाक तासन्‌तास बघतात. फॉल का नाही बघणार?”

“मग पुढच्या शनिवारी. आज केसांना तेल आहे.” मुक्ताईंनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं. “बघ, इतकी वर्षं झाली. कसा दिसतोय?”

“चालेल,” पूर्णिमा म्हणाली आणि लिंबाची फोड मागितली.

पुढचा शनिवार आला तेव्हा मुक्ताई नव्हत्या. मंगळवारी पहाटे झोपेतच त्या गेल्या.

आता मी कसा जन्मलो ते सांगतो. मुक्ताई घरी साड्यांना फॉल लावून द्यायच्या. साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी लावतात, ती म्हणजे फॉल. तो हातानं लावायचा आणि टाका साडीच्या वरच्या बाजूनं दिसू द्यायचा नाही, यातच सगळं कसब. एखाद्या गिऱ्हाइकानं साडी उलटसुलट करून “टाका कुठं दिसतच नाही हो” म्हटलं की मुक्ताई त्या दिवशी गुणगुणत पोळ्या लाटायच्या. हेच वाक्य त्यांना आपल्या मुलीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. पण मुलगी पुण्यात वाढलेली. तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे “चालेल”.

पूर्णिमानं डिजिटल मीडियाच्या एम. ए.ला प्रवेश घेतला तेव्हा तिचे वडील बद्रीनाथ काळजीत पडले. ते नोकरीसाठी वाशिमकडून पुण्यात आलेले, कारखान्यात फिटर. शेजारची सगळी मुलं सॉफ्टवेअरकडे निघाली होती.

“चित्र आणि आवाज जोडून गोष्टी सांगायच्या, याची कुठं पदवी असते का? नोकरी कोण देणार?”

“अहो, रोज जेवताना टीव्ही लागतो ना तुम्हाला?” मुक्ताई म्हणाल्या. “तो कुणीतरी करत असेलच की.”

विषय तिथं संपला.

शेवटच्या वर्षी पूर्णिमाला मुलांसाठी मंडईवर एक फिल्म करायची होती. तिची मैत्रीण भाग्यश्री भाज्यांच्या गाळ्यांमधून फिरत माहिती सांगणार होती. पण मंडईत भर गर्दीत तिचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि कॉलेजचा स्टुडिओ मिळायचा तो पाळीपाळीनं. म्हणून मी हवा होतो. माझ्यापुढं कुणी उभं राहिलं की संगणक माझा हिरवा रंग ओळखून तेवढा पुसतो आणि त्या जागी हवं ते चित्र बसवतो. कापडाला सुरकुती किंवा जाड शिवण असली की तिची सावली पडते आणि सगळा खेळ बिघडतो.

“म्हणजे मी शिवायचं आणि तू पुसायचं,” मुक्ताई म्हणाल्या.

“हो.”

“बरंय.”

मी तेव्हा रविवार पेठेत रतनशेठच्या दुकानात ताग्यात होतो. मुक्ताईंनी ताग्याचं टोक धरलं आणि रंग उजेडात बघायला त्या थेट रस्त्यावर निघाल्या.

“ताई, कापड परत आत येणार आहे ना?” रतनशेठनं बसल्या जागेवरून विचारलं.

“येईल हो. तुमच्या ट्यूबखाली पोपटीसुद्धा शेवाळी दिसतो.”

एका रुंदीत मी पुरेना, म्हणून कापडाचे दोन पन्हे शेजारी-शेजारी जोडावे लागले. मुक्ताईंनी मशीन मारून शिवणीच्या कडा दोन बाजूंना उलगडल्या, दाबल्या, मग फॉलच्या टाक्यानं हातानं बसवल्या. वर परकराला असतो तसा नेफा केला. बद्रीनाथांनी त्यात लोखंडी पाइप घालून मला बाहेरच्या खोलीत टांगलं. भाग्यश्री यायला उशीर होता, म्हणून उजेड तपासायला पूर्णिमानं आईलाच माझ्यापुढं उभं केलं. मुक्ताई चांगली साडी नेसून आल्या होत्या. हिरवी. अगदी माझ्याच रंगाची.

संध्याकाळी ते चित्रण संगणकावर मंडईच्या चित्राशी जोडलं, तर काय! कोथिंबिरीच्या जुड्यांवर मुक्ताईंचा चेहरा आणि दोन हात तरंगत होते. बाकी सगळ्या मुक्ताई गायब.

“अगं, मी गेले कुठं?” मुक्ताई ओरडल्या.

“भाजी घ्यायला,” बद्रीनाथ म्हणाले.

त्या घरात एवढं हसणं मी पुन्हा क्वचितच ऐकलं. मुक्ताईंना ठसका लागला, तरी त्या “पुन्हा लाव, पुन्हा लाव” म्हणत होत्या.

फिल्म पूर्ण झाली. परीक्षकांना ती आवडली, पूर्णिमाला पहिला वर्ग मिळाला. ती घरी आली तेव्हा मुक्ताईंनी पेढा हातावर ठेवत विचारलं, “पडद्याचं कुणी काही म्हणालं?”

“नाही.”

“मग झालं तर. शिवण दिसली असती तर म्हणाले असते.”

मुक्ताई खूश होत्या. पण त्या क्षणभर पेढ्याचा डबा उघडा धरून थांबल्या, ते मी पाहिलं. पूर्णिमा तेव्हा फोन घ्यायला आत गेली होती.

मित्रांनो, नंतरची बरीच वर्षं मी कपाटावर होतो. गणपतीत मखरामागे लागलो, एकदा गाद्यांवर पांघरला गेलो. एका उन्हाळ्यात बद्रीनाथ मला फाडून कूलर झाकणार होते.

“अहो, हात लावू नका. पूर्णीचा पडदा आहे तो.”

“पुन्हा वापरला का तिनं कधी?”

“शालू काय रोज नेसतात?”

मी सुखात होतो. दर दिवाळीला मुक्ताई मला उन्हं दाखवायच्या आणि घडी न घालता लाकडी दांड्यावर गुंडाळून ठेवायच्या. तुमच्याकडं माझ्यासारखा कुणी असेल तर एवढं लक्षात ठेवा. घडीची रेघ एकदा पडली की सहज जात नाही. आणि घरात कुणी आपल्या हातानं काही करून “कसं झालंय?” असं विचारलं, तर तोंडातला घास संपायची वाट बघू नका.

मुक्ताई गेल्यानंतरच्या महिन्यात पूर्णिमानं मला पुन्हा त्याच पाइपवर टांगलं. का, ते तिलाही माहीत नसावं. मग तिनं जुनी हार्ड डिस्क लावली. मंडईची फिल्म तिनं उघडलीच नाही. उघडलं ते त्या दिवसाचं मूळ चित्रण, ज्यातलं अजून काहीच पुसलेलं नव्हतं. त्यात मुक्ताई होत्या, पायांपासून केसांपर्यंत पूर्ण, हिरवी साडी नेसून माझ्यापुढं उभ्या. त्यांनी वळून माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं, मग समोर बघून विचारलं, “पूर्णे, कसा झालाय गं?”

पुढचा आवाज कुणाचा आणि शब्द कोणता, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पूर्णिमानं त्याआधीच चित्र थांबवलं. संगणकाच्या पडद्यावर मुक्ताई उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

पूर्णिमा उठून माझ्याजवळ आली. जिथं दोन पन्हे जुळतात ती जागा तिला डोळ्यांनी सापडेना. तिनं ती बोटानं शोधली. मग संगणकाकडं वळून ती मोठ्यानं म्हणाली, “सुंदर झालाय, आई. टाका कुठं दिसतच नाही.”