बाबा तिकडंच राहिला

मित्रांनो, माझ्या पाठीवर सध्या कढीपत्त्याची कुंडी ठेवलेली आहे, तेव्हा उठून नमस्कार करता येत नाही. राग मानू नका. मी एक जुना पाटा आहे, मसाला वाटायचा दगड. भिलाईत सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात, नळाजवळ पडून असतो. येणारे-जाणारे मला फरशीचा तुकडा समजतात. समजेनात का! कधीकाळी माझ्या अंगाला हळदीचा वास होता, हे आता कुणाला पटवत बसू?

माझा जन्म इथला नाही. समुद्रापार मॉरिशस नावाचं बेट आहे, तिथल्या काळ्या दगडातून मला घडवलं. तेव्हा तिथेही इंग्रजांचं राज्य होतं आणि इथेही. साहेबाला ऊस तोडायला माणसं हवी होती, म्हणून भंडाऱ्याकडची काही गरीब माणसं जहाजात बसून तिकडे गेली. त्यांच्यातल्या एका घरात मी आलो. तिथल्या बोलीत पाट्याला 'रोसकारी' म्हणतात आणि वरवंट्याला 'बाबा'. बाबा म्हणजे तान्हं मूल. पाटा आई आणि वरवंटा तिचं बाळ, असं ते नातं. व्याकरणाने मी पुल्लिंगी, पण आई म्हणवून घ्यायला मला फार आवडायचं.

त्या घरची लेक भागाबाई. तिचं लग्न कृष्णरावाशी झालं आणि वर्षभरात मुलगा झाला. बारशाला आधी माझ्या वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवलं, मग बाळाला. नाव ठेवलं आनंद, पण सगळे त्याला बाबाच म्हणत. पुढे कृष्णरावाने वाडवडिलांच्या मुलखात परतायचं ठरवलं. नेमकं जहाज सुटायच्या दिवशी बाळ तापाने फणफणलं. जहाजावरच्या डॉक्टरने तापाचं मूल चढू दिलं नाही आणि भरलेले तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. भागाबाईने ते बहिणीच्या मांडीवर दिलं, राखणीला वरवंटा पाळण्यात ठेवला आणि मला लुगड्यात गुंडाळून उचललं.

"इंडियात दगडाचा दुष्काळ हाये का?" कृष्णराव कुरकुरला.

"माह्या मायचा पाटा हाये," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या जहाजाने बहीण बाळाला घेऊन येणार होती. पण मोठी लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली. लढाई संपली तेव्हा बहिणीचा ठावठिकाणा लागेना. इकडे गावातल्या बायकांची तोंडं कोण धरणार? 'पोर टाकून आली' म्हणतील, म्हणून कृष्णरावाने तिला तो विषय काढायला बंदी केली. मग ती एकच वाक्य बोलायची, "बाबा तिकडंच राहिला."

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून घरच्यांना कळायला हवं होतं. पण आपल्या नागपुरी बोलीत बापालाही 'बाबा आला, बाबा गेला' असंच म्हणतात. त्यामुळे सगळे धरून चालले की हिचा बाप तिकडे राहिला. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा कृष्णराव इथे कामाला लागला. इथे वाढलेला त्यांचा धाकटा मुलगा शालिकराम पुढे ब्लास्ट फर्नेसवर लागला. तोही हेच समजून मोठा झाला.

मला इथे नवा वरवंटा मिळाला, तांबूस, गावठी. वाईट नव्हता बिचारा, पण आमचं कधी जुळलं नाही. भागाबाई त्याला चुकूनही 'बाबा' म्हणाली नाही.

पितृपक्षात शालिकराम म्हणायचा, "माय, तुह्या बाबाचंही पान वाढू का?" आणि एरवी गाईसारखी गरीब असलेली ती बाई कडाडायची, "खबरदार! बाबा जिता हाये माहा!" शालिकराम हिशेब करायचा. आजोबा आता शंभरीच्या पुढे असणार, जिता कसा असेल? म्हातारीचं मन मानत नाही, म्हणून तो ते पान वाढत नसे. ती गेल्यावर मात्र त्याने दरवर्षी पान वाढायला सुरुवात केली. पुरी, वडे, खीर, सगळं मनापासून. मी नळाजवळून बघत असे. ओरडून सांगावंसं वाटे, अरे, जित्या भावाचं पान वाढतोस! पण दगडाला तोंड कुठून असणार?

तोवर घरात मिक्सर आला होता. मला बाहेर काढलं. गुळगुळीत पाट्यांना छिन्नीने टाकी लावणारी बाई दारावरून हाक देऊन जायची, पण मला कुणी दाखवलं नाही. अंग हळूहळू गुळगुळीत झालं. दिवसचे दिवस कुणाचा हात लागत नाही, मित्रांनो, तेव्हा उन्हात तापलेलंसुद्धा कुणाला कळत नाही.

शालिकराम रिटायर झाला, सत्तरी ओलांडली आणि त्याच्या मनाने एकच घेतलं. नातीला, उन्नतीला म्हणाला, "पान वाढतो म्या मायच्या बाबाले, पण तो गेला कुठं, कसा जगला, काहीच मालूम नाही. डोळे मिटायच्या आधी एवढं समजू दे मले."

उन्नतीने कंप्युटरवर एका म्हाताऱ्याला खूप शोधलं. जो नव्हताच तो सापडणार कसा? शेवटी कंटाळून तिने माझ्या पाठीवरची कुंडी उचलली, मला धुतलं आणि फोटो काढला. "आबाजी, हटो ना जरा, सावली पडून राहिली." तिकडच्या मराठी लोकांच्या एका ग्रुपवर तिने फोटो टाकला. खाली लिहिलं, आमच्या पणजीचा पाटा, ती याला रोसकारी म्हणायची, तिचा बाबा तिकडंच राहिला.

तिकडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या मधुवंतीबाईंचा फोन आला. पुस्तकी मराठीत त्या म्हणाल्या, "बाबा म्हणजे वडील नव्हेत! आमच्याकडे बाबा म्हणजे लहान बाळ. त्या बाळ ठेवून गेल्या होत्या का?"

शालिकरामला मायचं ते 'बाबा जिता हाये माहा!' आठवलं आणि तो फोनवर म्हणाला, "बाई, शोधा त्याले."

बाईंनी गावोगाव विचारलं. मावशीने वाढवलेला, ऊस तोडून म्हातारा झालेला आनंद सापडला. जिवंत! एका रविवारी दुपारी, अंगणात रेंज चांगली म्हणून, माझ्या शेजारी खुर्ची टाकून शालिकरामने फोन धरला. पडद्यावर एक वाळलेला, बोळका चेहरा होता. त्याला मराठी तुटकीच येत होती, मधुवंतीबाई मध्ये अर्थ सांगत होत्या.

"दादा," शालिकराम म्हणाला आणि रडायलाच लागला. "माह्या हातून लय मोठी चूक झाली गा. तू जिता असून म्या तुह्या नावानं पितराचं पान वाढलं. दरसाल."

बाईंनी ते सांगितलं. म्हातारा आधी गोंधळला, मग बोळक्या तोंडाने हसला. बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, बरं झालं. म्हणजे इतकी वर्षं मी भावाच्या घरी जेवत होतो."

मग त्याने हळूच विचारलं, "आई... माझं नाव काढायची?"

"रोज काढे, दादा," शालिकराम म्हणाला. "आमालेच समजलं नाही."

फोन बंद झाला. सगळे आत गेले आणि मी पुन्हा एकटा राहिलो. त्या दोघांना जे ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे. मसाला वाटताना भागाबाई माझ्यावर वाकून रोज एकच गोष्ट विचारायची, "माहा बाबा जेवला असंल का?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस एखादा शब्द पुन्हा पुन्हा बोलत असेल. हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारा. ते माणूस गेल्यावर दगडाला विचारलंत, तर दगड काय सांगणार?