दुसऱ्यांदा विचारायचं नाही

"नो, थँक यू," मी म्हटलं, आणि गुणाबाईंनी माझ्या ताटलीत आणखी दोन वडे टाकले.

वर्ग हसला. वर्ग म्हणजे समाजमंदिरात चटईवर बसलेल्या नऊ बाया. जंगलाच्या गेटाजवळ नवं रिसॉर्ट झालं होतं. तिथे जेवण वाढायला एक बाई घेणार होते. तिला कामापुरतं इंग्रजी आणि परदेशी पाहुण्यांची रीत यावी, म्हणून शिकवायला मला ब्रह्मपुरीहून बोलावलं. मी बारावी नापास. वीस वर्षं भांड्यांच्या दुकानात बसून कुकर-मिक्सरच्या खोक्यांतल्या पुस्तिका वाचत इंग्रजी शिकले. वाफ असताना झाकण उघडू नका, हे मी झोपेतही इंग्रजीत सांगेन. परदेशी माणूस जेवतो कसा, हे मात्र रिसॉर्टवाल्यांनी दिलेल्या कागदावरून वाचलेलं.

कागदावर होतं: पाहुणा एकदा नको म्हणाला की पुन्हा विचारायचं नाही.

"काऊन?" गुणाबाईंनी विचारलं.

"त्यांची रीत आहे."

"अवं म्याडम, पयल्या खेपेले कोनी हो म्हनते का? लाजते मानूस. तुमी नाई म्हनून राह्यल्या, पन नजर तं वड्याईवरच हाय."

नजर होतीच. लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि मी सकाळच्या बसने उपाशी आलेली.

"तो खरंच नको म्हणून नको म्हणतो," मी ठामपणे सांगितलं. ठाम आवाज मला जमतो.

"मंग ज्याले पायजे तो का म्हनते?"

"हो म्हणतो."

"पयल्याच खेपेले?" त्यांनी तोंडावर पदर धरला. "बापा! मायनं काई शिकवलंच नाई त्याले!"

वर्गातली सगळ्यांत लहान हर्षा म्हणाली, "मावशे, तू मिरची तोडालेच जाय. थ्या मिरच्या नाई म्हनत नाईत."

सगळ्या हसल्या, गुणाबाई हसल्या नाहीत. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडायला जात. दोन महिने उघड्यावर राहायचं, बोटांची आग रात्री पाण्यातही शमत नाही. "औंदा मले जाचं नाई," एवढंच त्या पहिल्या दिवशी बोलल्या होत्या.

मग महिनाभर मी पाहुणी झाले. नो, थँक यू. नो, थँक यू. त्यांचा हात पुढे यायचा, थांबायचा, मागे जायचा. रोज वडे यायचे, आणि रोज मी त्यांना ते परत न्यायला शिकवायची. आपण शिकवतोय की काही मोडतोय, मला कळेना.

निवडीच्या दिवशी रिसॉर्टचे मॅनेजर पाहुणे झाले. गुणाबाई भाताचं भांडं घेऊन वाकल्या. "मोअर राईस, सर?"

"नो, थँक यू."

भांडं सरळ मागे गेलं. चेहऱ्यावर कागदात सांगितलेलं हसू. नोकरी गुणाबाईंना मिळाली.

बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला. "म्याडम, चार घास बी नाई खाल्ले त्यानं. मले तं रडू येऊन राह्यलं होतं."

मिरचीच्या गाड्या त्या साली त्यांना न घेता गेल्या. होळीनंतर एकदा मी त्या बाजूला गेले होते, तर मुद्दाम वाट वाकडी केली. घर सारवलेलं, दोरीवर रिसॉर्टची हिरवी साडी. गुणाबाईंना इतका आनंद झाला की आधी पाट मांडावा की पाणी द्यावं, कळेना. बोटं बरी झाली होती. ती त्यांनी मला उलटसुलट करून दाखवली.

चुलीवर वड्यांची कढई होती.

"जेवता का, म्याडम?"

"नको हो, जीप चुकेल," मी म्हटलं. तोंडातून आपसूक आलं. पन्नास वर्षांची सवय.

गुणाबाईंचा हात कढईपर्यंत गेला होता. तो थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान जराशी वाकवली आणि तेच हसू हसल्या, माझ्याकडून शिकलेलं. किती नेमकं! मला कौतुक वाटलं.

मी उठले. आत कढईवर ताटली झाकल्याचा आवाज आला.

दारात बसून चपला घालायला मला बराच वेळ लागला.