आवाज बाहेर जातो का

त्या घराण्यात भाड्याचं घर घ्यायची एक रीत होती. पाणी किती येतं, ऊन कुठून येतं, हे सगळं नंतर. आधी आवाज पाहायचा. सुनेनं मधल्या खोलीत जाऊन ओरडायचं आणि कुणीतरी रस्त्यावर उभं राहून ऐकायचं. ऐकू आलं नाही की घर पसंत. "घरातली गोष्ट घरात राहावी," म्हणत सासऱ्यांनी ही रीत पाडली होती. सासूबाई तरुणपणी तीन घरांत ओरडल्या होत्या, आणि तिन्ही घरं पसंत पडली होती.

आता पाळी सुनेची होती. दूरच्या एका शहराबाहेर कपड्यांचा कारखाना होता, तिथे तिला कापड कापायची नोकरी लागली होती. कापडाच्या वीतभर थप्पीतून यंत्राचं उभं पातं फिरवायचं आणि रेघ सोडायची नाही, असं काम. नवऱ्याचं काम सुटून वर्ष होत आलं होतं. बायकोच्या पगारावर जगायचं, हे माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकलं होतं. जेवण मात्र अडत नव्हतं. कारखान्यानं घर तिच्या नावानं द्यायचं कबूल केलं होतं, पण निवडणार तो.

पहिलं घर वसाहतीच्या टोकाला एकटंच उभं होतं. शेजार नाही, पाजार नाही. बघताक्षणी त्याची कळी खुलली. सासूबाई रस्त्यावर थांबल्या. त्यानं बायकोला आतल्या खोलीत नेलं.

"ओरड."

ती ओरडली.

"हे ओरडणं? मांजराची शेपूट दारात सापडली तरी ते याहून बरं ओरडतं." त्यानं तिचा हात धरून पाठीमागे पिळला. खांद्यातून कळ गेली, तेव्हा तिच्या तोंडून खरी किंकाळी निघाली.

"ऐकू आलं?" बाहेर येऊन त्यानं विचारलं.

"अरे बाबा, वळणावर मोटार उभी होती, तिच्यातला माणूस काच खाली करून बघायला लागला," सासूबाई म्हणाल्या. "भिंती आहेत का कागद?"

तो चरफडला, पण आईच्या कानांवर त्याचा विश्वास होता. त्या बाईनं आयुष्यात त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता.

दुसरं घर एका रांगेतलं. भिंतीला भिंत, दाराला दार.

"इथे मी शिंकलो तर शेजारी औषध घेऊन येईल," तो म्हणाला.

"जुन्या भिंती आहेत, जाड. आलोच आहोत तर बघ."

या वेळी त्यानं तिची दोन बोटं उलटी वाकवली. घसा फाटेपर्यंत ती ओरडली. मग तो मागच्या दाराची कडी बघायला गेला आणि ती हात पोटाशी धरून बाहेर आली.

शेजारच्या पायरीवर एक दांडगी बाई उभी होती. अंगात बस चालवणाऱ्यांचा गणवेश, एका पायात बूट, दुसरा हातात.

"कोण ओरडलं?"

"माझी सून," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आम्ही इथे राहायला येतोय. आत्ता तुम्ही आत जा, बाई."

ड्रायव्हरीणबाईनं सुनेच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. पाठोपाठ नवरा बाहेर आला.

"काय गं आई?"

"चिडीचूप. मला वाटलं, ही अजून ओरडलीच नाही."

सून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला मार बसायला लागला की ही बाई भांडी घासायला बसायची. मारणाऱ्यापेक्षा तिला हिचाच राग जास्त यायचा. परतीच्या बसमध्ये तो पुढे बसला होता, तेव्हा सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मार बसला की ओरडत जा. तू दात आवळून गप्प बसतेस. भिंत पातळ असून उपयोग काय?"

रांगेतल्या घरात सामान लागलं. कामावर रुजू व्हायच्या आदल्या दुपारी तो म्हणाला, "उद्या जायचं नाही."

"जाणार आहे."

पहिल्या थपडेनं ओठ फुटला. दुसऱ्या वेळी तिचं डोकं कपाटावर आपटलं. मग त्यानं तिचा उजवा हात धरला, ज्या हातानं ती कापड कापणार होती तो, दाराच्या फटीत घातला आणि दार ओढलं. बोटं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. रक्त चौकटीवरून ओघळलं. सवयीनं तिनं दात आवळले होते.

"ओरड!" स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. "अगं, ओरड ना! त्यांना ऐकू जातं!"

दारावरचा त्याचा हात थांबला. तो हळूहळू आईकडे वळला.

"काय म्हणालीस? ऐकू जातं?"

त्यानं आईचा गळा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. म्हातारीचे पाय जमिनीवरून सुटले. तेव्हा सुनेचे दात उघडले. स्वतःसाठी कधी निघाली नव्हती अशी किंकाळी तिनं फोडली, आणि ती थांबेना.

भिंतीपलीकडे खुर्ची पडली. ड्रायव्हरीणबाई आली ती टायर खोलायचा पाना घेऊनच. मागून तिचा भाऊ. खांद्याच्या धक्क्यानं कडी निखळली. पाना नवऱ्याच्या कोपरावर बसला, मग गुडघ्यावर. भावानं त्याला पायाला धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. तोवर सगळी रांग दारात आली होती. ज्याला जमेल त्यानं हात साफ करून घेतला.

"आई," तो रस्त्यावरून रक्त थुंकत ओरडला, "सांग यांना! घरातली गोष्ट आहे!"

सासूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. गळ्यावर पाचही बोटं उमटली होती. आवाज घोगरा निघाला.

"घर हिच्या नावावर आहे, बाबा. तुझं घर कुठलं?"

"पोलीस बोलवू?" ड्रायव्हरीणबाईनं विचारलं. तिनं सासूला नाही, सुनेला विचारलं.

सून म्हणाली, "बोलवा. आणि त्याच्या आधी मला दवाखान्यात न्या. हा हात मला कामाला लागणार आहे."