बॉलपार्कचा कोरम

इतिहासाची संगत असलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही एकटा पडत नाही. राजाराम मोकाशींनी कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे वाक्य उच्चारलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्या वेळी मोकाशींनी पाहिलेला परदेश म्हणजे चार दिवसांचं नेपाळ, आणि तिथेही त्यांच्या बसमध्ये बेचाळीस पुणेकर होते.

परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरात, मुलाकडे येऊन पाच आठवडे झाल्यावर वाक्याला दुरुस्ती लागणार, असं त्यांना वाटू लागलं. २०१८ चा नोव्हेंबर होता. मुलगा चारुदत्त आयटीत, सून वल्लरी इंजिनिअर. नात इरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची. सोमवार ते शुक्रवार घर रिकामं असे, त्याचं मोकाशींना काही वाटत नसे. रिकाम्या घरात माणूस एकटा असणारच, त्यात कुणाचा दोष नाही. वाईट असे तो शनिवार. शनिवारी सगळे घरात असत आणि प्रत्येकाला कुठेतरी जायचं असे. इराचं स्विमिंग, मग कुणाचा तरी वाढदिवस, मग आठवड्याची खरेदी. बाबा तुम्ही येताय का, असं चारुदत्त न चुकता विचारी; बूट घालून झाल्यावर, गाडीची किल्ली हातात घेऊन. दोन शनिवार मोकाशी गेलेही. तलावाच्या काठी, दमट हवेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी इराचे जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, आणि टॉवेल सांभाळले. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, आणि गाडी वळणाआड गेल्यावर त्याच गुडघ्याने बस पकडली.

लायब्ररीत त्यांना एक पत्रक सापडलं होतं. बॉलपार्क हेरिटेज वॉक, दर शनिवारी सकाळी दहा, विनामूल्य. हेरिटेज आणि विनामूल्य हे दोन शब्द एका ओळीत आले की पुणेकराचे पाय आपोआप उचलले जातात. बेसबॉलबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण महाबळेश्वरला जाणाऱ्यांना तरी भूगर्भशास्त्र कुठे माहीत असतं?

बॉलपार्क म्हणजे कुंपण घातलेलं एक हिरवं मैदान, एका कोपऱ्यात मातीचा पट्टा आणि शेजारी रंग उडालेलं लाकडी क्लबहाऊस. पायरीवर खाकी अर्धी चड्डी घातलेला, सत्तरीचा एक उंच गोरा माणूस मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन बसला होता. त्याने किया ओरा म्हणून तिकडचा नमस्कार केला, मोकाशींच्या मागे आणखी कोणी येतंय का ते पाहिलं, आणि कोणी नाही याचं त्याला नवल वाटलं नाही. त्याचं नाव ग्रॅहम. निवृत्त पोस्टमन. पार्कच्या हेरिटेज ट्रस्टचा तो एकमेव गाइड होता.

फेरीत पाच पॉइंट होते. पहिला, कुंपणाच्या फळीतलं भोक. त्यातून जुन्या काळी पोरं फुकट सामना बघत. दुसरा, हाताने आकडे टांगायचा स्कोअरबोर्ड. तो एकोणीसशे एकाहत्तर साली सात-चारवर अडकला तो कायमचा. तिसरा, समोरच्या डेअरीच्या पत्र्याला पडलेला पोचा. डेअरी म्हणजे तिथे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, दुधाचा संबंध फक्त फ्रिजपुरता. तिथपर्यंत चेंडू कुणी मारला यावर दोन मतं होती, आणि ती दोन्ही ग्रॅहमची होती. चौथा, एक गटार. त्यात युद्धाच्या वेळी इथे खेळायला आलेल्या एका अमेरिकन सैनिकाची साखरपुड्याची अंगठी पडली, असं म्हणतात. कोण म्हणतात, असं मोकाशींनी विचारलं. ग्रॅहम जरा विचार करून म्हणाला, मीच. पाचवा पॉइंट क्लबहाऊसमधलं काचेचं कपाट. आत एक चामड्याचा हातमोजा, दोन चेंडू आणि पुसट झालेला एक फोटो, ज्यातल्या अकरा जणांपैकी नावं तिघांचीच माहीत होती.

ज्याच्या शहरात तीनशे वर्षांपूर्वीचा नळ अजून गळतो, अशा माणसाला हा इतिहास बराच पातळ वाटायला हवा होता. पण ग्रॅहम तो पातळ इतिहास तासभर पुरवत असे. भोकापाशी थांबून तो त्या गल्लीत टपाल वाटतानाच्या गोष्टी सांगे, कुठल्या घरचा कुत्रा कसा होता ते सांगे. मोकाशी मधे मधे शंका काढत, आणि शंका काढलेली ग्रॅहमला आवडे. फेरी संपली की तो थर्मासमधला चहा झाकणात ओतून देई. चहा अगदी वाईट असे. पण पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मोकाशींना कुणीतरी समोर बसून विचारलं होतं, तुमचं कसं काय चाललंय, आणि उत्तर संपेपर्यंत फोनकडे पाहिलं नव्हतं.

ग्रॅहमची मुलगी ख्राइस्टचर्चला होती. भूकंपानंतर शहर पुन्हा बांधायचं काम निघालं तेव्हा गेली ती तिथलीच झाली. बाबा, एकटे काय राहता, इकडे या, असं ती दर रविवारी फोनवर म्हणायची. तिची जादा खोली चांगली होती, पण ग्रॅहमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे व्यायामाची सायकल राहत होती आणि ती हलवायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मोकाशींना हे सविस्तर सांगावं लागलं नाही. न्यू लिनला ते ज्या खोलीत झोपत, तिथे इस्त्रीचं टेबल राहत होतं.

'शनिवारी मला वॉक असतो,' ग्रॅहम म्हणाला, 'म्हणून जाता येत नाही. चांगलं कारण आहे.'

मोकाशींनी मान डोलावली. हे कारण आता दोघांचं होतं.

चौथ्या शनिवारी ग्रॅहमने चहा ओतता ओतता सांगितलं की वॉक बहुतेक बंद होणार. ट्रस्टचा नियम होता: फेरीला सरासरी सहा माणसं हवीत. क्लिपबोर्डवरच्या कागदावर येणाऱ्याने नाव लिहायचं, सही करायची, शेवटच्या रकान्यात सूचना असल्यास सूचना. महिनाअखेरीस कागद ट्रस्टकडे जाई. गेल्या महिन्यात कागदावर एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, ते स्वच्छतागृह शोधत आलं होतं. बाकी मोकाशीच.

मोकाशींनी चष्मा पुसला. प्राजक्ता सहकारी गृहरचना संस्थेचे ते बावीस वर्षं सेक्रेटरी होते. अठ्ठेचाळीस सभासदांच्या वार्षिक सभेला सात जण येत, आणि त्यांतले चार वडा-कॉफीसाठी. तरी बावीस वर्षांत एकही सभा कोरमअभावी मोडली नव्हती. वॉचमन रजिस्टर घेऊन घरोघर जाई, सभासद पोळी लाटता लाटता सही करत, आणि उरलेल्या सह्या रजिस्टरमध्ये कशा उमटत याची चौकशी उपनिबंधकांच्या कार्यालयानेही केली नव्हती. कोरम ही मोकाशींच्या लेखी माणसं जमवण्याची गोष्ट नव्हती, लेखनकलेची होती.

'तो कागद जरा बघू,' ते म्हणाले.

ग्रॅहमने क्लिपबोर्ड दिला आणि तो कप विसळायला नळाकडे गेला. विसळायला एकच झाकण होतं. त्याला दहा मिनिटं लागली. परत आल्यावर त्याने कागदाकडे न बघता तो पिशवीत टाकला आणि म्हणाला, 'स्वीट अ‍ॅज.' म्हणजे तिकडच्या बोलीत झकास. त्या विषयावर दोघांत पुढे शब्द झाला नाही.

त्या दिवसापासून प्राजक्ता सोसायटी बॉलपार्कला येऊ लागली. बी विंगमधले हरीश कानिटकर आले, शकु देवधर आल्या. प्रमोद रानडे आले, ते प्रत्येक सभेत आक्षेप घ्यायचे. पहिल्या मजल्यावरच्या अनुराधाबाई आल्या. सगळ्यांच्या सह्या मोकाशींना तोंडपाठ होत्या. दर वेळी नेमकी सहाच माणसं दाखवणं हे नवशिक्याचं काम. मोकाशींनी एका शनिवारी नऊ दाखवली, एका शनिवारी सात. पाऊस झाला त्या दिवशी चार, कारण शकुताई पावसात बाहेर पडत नसत. सर्वांत शेवटी ते शांता मोकाशी असं लिहीत. ती सही त्यांना फार चांगली यायची.

माणसं आली म्हणजे सूचनाही येणार. सूचनांचा रकाना सगळाच कोरा असेल तर सभा खोटी वाटते, हा त्यांचा अनुभव. तेव्हा हरीश कानिटकरांनी 'माहिती उत्तम' असा शेरा मारला. अनुराधाबाईंनी चहाची सोय असावी असं सुचवलं. आणि प्रमोद रानड्यांनी, त्यांच्या स्वभावाला धरून, जरा लांबच लिहिलं: गाइडवर अवलंबून राहावं लागतं हे योग्य नाही, प्रत्येक ठिकाणी कायमस्वरूपी माहितीफलक लावावेत, जमल्यास भारतीय भाषेतही. हे लिहिताना मोकाशींना रानडे अगदी डोळ्यांसमोर दिसले, दारात उभे राहून बोट नाचवणारे. त्यांना इतकं बरं वाटलं की पुढच्या दोन शनिवारी त्यांनी रानड्यांना त्याच मागणीचं स्मरणपत्रही लिहू दिलं.

डिसेंबर चांगला गेला. गुडघ्याचं कारण घरात रुळलं होतं. दर शनिवारी दुखतो, हे काय आहे, असं वल्लरीने एकदा विचारलं, आणि तिची डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची तयारी पाहून मोकाशींना खरं काय ते सांगावं लागलं. म्हातारबुवांना छंद लागला, या बातमीने घरच्यांना सुटल्यासारखं झालं. ओह कूल, आजोबा हॅव अ फ्रेंड, असं इरा म्हणाली. चारुदत्तने त्यांना बेसबॉलची टोपी आणून दिली. ती डोक्याला मोठी होत होती, तरी ते शनिवारी घालत.

सूचना लिहिल्या की त्या कुणीतरी वाचतं, हा अनुभव मोकाशींना बावीस वर्षांत एकदाही आला नव्हता. त्यामुळे जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी ग्रॅहमने खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं, तेव्हा त्यांनी ते अभिनंदनाचंच असणार म्हणून वाचायला घेतलं. आणि ते अभिनंदनाचंच होतं. प्रतिसाद अभूतपूर्व असल्याबद्दल ट्रस्टला आनंद झाला होता. विशेषतः भारतीय समाजाने दाखवलेल्या आस्थेबद्दल. श्री. रानडे यांच्या सातत्यपूर्ण सूचनांचा विचार करून पाचही ठिकाणी कायमस्वरूपी फलक उभारायचं ठरलं होतं. फलक आल्यावर गाइडची गरज उरत नसल्यामुळे श्री. ग्रॅहम यांची फेरी सन्मानपूर्वक समाप्त करण्यात येत होती.

मोकाशींनी पत्र दोनदा वाचलं. मग घडी घातली, ती उलटी पडली म्हणून पुन्हा घातली.

'ग्रॅहम,' ते म्हणाले, 'ती माणसं खरी नव्हती.'

'मला मोजता येतं, राजाराम.'

'रानडे मीच.'

'तेवढं कळलं. त्याचं अक्षर रागीट असलं तरी तुझंच आहे.' ग्रॅहमने थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. 'एक विचारायचं होतं. ही शांता कोण? बाकीचे कधी येतात, कधी येत नाहीत. तिने एकही शनिवार चुकवला नाही. पावसातसुद्धा आली.'

मोकाशी मैदानाकडे बघत राहिले. स्कोअरबोर्ड सात-चार दाखवत होता.

'माझी बायको. तीन वर्षं झाली जाऊन.'

ग्रॅहमने मांडीवरचा क्लिपबोर्ड सरळ केला. मग म्हणाला, 'ग्रुपमध्ये सर्वांत शहाणी तीच होती. एक सूचना केली नाही.'

आता एक गोष्ट करायची होती. वॉक नसला तरी शनिवारी दहाला भेटू, एवढंच म्हणायचं होतं. कर्वेनगरला हे वाक्य म्हणावं लागत नाही. माणूस सरळ चपला घालतो आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन बेल वाजवतो. इथे आधी विचारायचं असतं, आणि विचारायचं म्हणजे आपल्याला कुणी नाही हे मोठ्याने सांगायचं. मोकाशींनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. क्रियापदापर्यंत आले.

तेवढ्यात ग्रॅहमच बोलला. मुलीचा काल फोन आला होता. शनिवारचं कारण संपलं हे त्याने तिला सांगून टाकलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तिने त्याच दिवशी सायकल विकायला काढली होती. पंचवीस तारखेचं विमान होतं.

'छान झालं,' मोकाशी म्हणाले. 'मुलीजवळ असलेलं बरं.'

'असं म्हणतात,' ग्रॅहम म्हणाला. कोण म्हणतात, हे या वेळी मोकाशींनी विचारलं नाही.

दोघांनी शेवटचा चहा प्यायला. मग मोकाशींनी क्लिपबोर्ड मागून घेतला आणि त्या दिवशीच्या कागदावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. जरा थांबून त्याखाली शांताबाईंचं लिहिलं.

फलक फेब्रुवारीच्या शेवटी लागले. चारुदत्त गाडीने सोडतो म्हणाला, पण इराला स्विमिंगला उशीर होत होता, तेव्हा मोकाशी टोपी घालून बसनेच गेले. फलक स्टीलचे होते, गंज न चढणारे, कमरेच्या उंचीवर, व्हीलचेअरवरूनही वाचता यावेत असे. मजकूर इंग्रजीत, माओरीत आणि हिंदीत होता. टपाल आणि कुत्र्यांचा उल्लेख नव्हता. अंगठीचा पुरावा न मिळाल्यामुळे गटारावर फक्त गटाराची माहिती होती. मोकाशींनी भोकापासून कपाटापर्यंत पाचही फलक नीट वाचले, इंग्रजी आणि हिंदी दोन्ही.

चार मिनिटं लागली.