काचेच्या केबिनमधली खुर्ची

दगड कापायच्या त्या कारखान्यात धुळीचा त्रास दोघांना होता: एक कॉम्प्युटर आणि दुसरे दाजी. पैकी कॉम्प्युटरचा त्रास सगळ्यांच्या लक्षात येई. तो खोकत नसे, सरळ बंद पडे.

दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालक दाजी म्हणतात म्हणून कारागीर दाजी म्हणू लागले, मग टँकरवाला, मग दारावरचा वॉचमनसुद्धा. मानाला काही कमी नव्हतं. काम मात्र ग्राइंडर धरायचं होतं. पायऱ्या, ओटे, पाट्या, जे जे मोठ्या करवतीतून कापून येई त्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. करवतीवर पाणी सोडलेलं असे. कडांना पाणी चालत नसे, कारण ओल्या दगडावर राहिलेला चरा दिसत नाही आणि वाळल्यावर गिऱ्हाइकाला नेमका तोच दिसतो. त्यामुळे कोरडंच घासायचं. संध्याकाळी दाजी भुवयांसकट पांढरे होऊन घरी जात. ‘बायको ओळख पटवूनच आत घेते’ हा विनोद त्यांनी लग्नानंतर लगेच केला होता, आणि तो चालतोय म्हटल्यावर पुढे बदलायच्या भानगडीत पडले नव्हते.

कॉम्प्युटर अक्षरं कोरणाऱ्या मशीनला जोडलेला होता. ज्या कंपनीने मशीन बनवलं ती केव्हाच बुडाली होती, आणि तिचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालायला तयार नव्हता. करवती काय, कुणाकडेही असतात. कारखाना तगून होता तो या अक्षरांवर. त्यामुळे मालक त्या डब्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत. आधी त्यावर टॉवेल टाकून पाहिला. मग प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तेव्हा तो आतल्या आत तापून बेशुद्ध पडला. मग ठरलं, की दाजींनी दर शनिवारी डबा उघडून ब्लोअर मारायचा. डब्यातली धूळ बाहेर येई, आणि जवळ दुसरं कुणी नसल्यामुळे दाजींमध्ये जाई.

डॉक्टरांनी दाजींच्या छातीचा फोटो उजेडावर धरला.

“हे पांढरं दिसतंय ना, ही दगडाची भुकटी.”

“निघेल ना?”

“आत गेली ती बाहेर येत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. काम बदला.”

पाणी भरपूर प्या म्हणावं तितक्या सहज ते म्हणाले. दाजींनी घरी येऊन हे बायकोला सांगितलं, तेही मधे दोनदा थांबून, कारण जिना चढून आले होते. बायको चप्पल पायात सरकवून तडक भावाकडे गेली.

“अगं ताई, हे काय सांगायला हवं?” मालक म्हणाले. “कॉम्प्युटरला काचेची केबिन करतोच आहे. दाजींना बसवू की आत! एसी लावतोय, दाराला रबराची पट्टी लावतोय. मुंगी शिरायची नाही.”

हे सगळं कुणासाठी, ते ताईने विचारलं नाही. भाऊ हो म्हणाला, एवढं तिला पुरे होतं.

केबिन झाली. आत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, समोर गादीची खुर्ची, खुर्चीत दाजी. अक्षरं मांडायला ते लवकर शिकले. नाहीतरी हजारो पाट्यांच्या कडा घासताना मधला मजकूर वाचतच आले होते. बाहेरचे कारागीर काचेवर टकटक करून म्हणत, “दाजी, शोकेसमध्ये बरे दिसता हो! किंमत किती लावलीय?” दाजी आतून हात हलवत. जेवणाच्या सुट्टीतही ते बाहेर येत नसत. आतल्या हवेला कसलाच वास नव्हता. इतकी वर्षं आपण जी ओढत होतो ती हवा नव्हतीच की काय, अशी त्यांना शंका येऊ लागली. त्या आठवड्यात ते जिना मधे न थांबता चढले. बायकोने पाहिलं, पण दृष्ट लागायला नको म्हणून बोलली नाही.

फक्त सकाळी दाजी केबिनकडे निघाले की मालक हाक मारत. “दाजी, तेवढ्या कडा बघून जाता का? तुमच्यासारखा हात नाही कुणाचा.” स्तुती झाल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? दाजी तासभर ग्राइंडर धरत, मग अंग झटकून आत जाऊन बसत.

एका सभागृहाच्या उद्घाटनाची पाटी कोरणं चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला. अखंड काळा दगड, वर मोठ्या माणसांची नावं, आणि खाली मजकूर थांबला होता “यांच्या शुभ ह” इथे.

दाजींना डॉक्टरांची वेळ मिळायला महिना लागला होता. कॉम्प्युटरवाला चहा निवायच्या आत आला. त्याने डबा उघडला, पंख्यावरून पांढऱ्या लोकरीसारखा एक थर बोटाने ओढून काढला आणि केबिनभर नजर फिरवली.

“केबिन झकास आहे, शेठ. फट कुठेच नाही. म्हणजे धूळ बाहेरून येत नाहीये.”

“मग काय आभाळातून पडते?”

कॉम्प्युटरवाल्याने खुर्चीच्या गादीवर थाप मारली. ढग उठला. तो निवळल्यावर त्याने दाजींकडे पाहिलं आणि अवघड जागचं दुखणं सांगावं तशा सुरात म्हणाला, “काका, तुम्ही आणता.”

दाजींनी आपल्याकडून कसर ठेवली नाही. ते कारखान्यातच अंघोळ करून, घरून आणलेले धुतलेले कपडे घालून केबिनमध्ये जाऊ लागले. बायकोने केसांवर घालायला टोपी शिवून दिली. कडा मात्र सुटल्या नाहीत. अंघोळ फक्त कडांच्या नंतर सरकली. पुढच्या शनिवारी डबा उघडला तर आत पुन्हा पांढरं. आधीपेक्षा कमी, पण पांढरंच. मालक बराच वेळ विचार करत उभे राहिले. तेवढ्यात दाजींना खोकल्याची उबळ आली आणि मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“दाजी, रागावू नका. पण हे खोकल्यातून तर येत नसेल?”

दाजींना आपली बाजू मांडायला एकच मुद्दा सुचला, आणि तो डॉक्टरी होता. “नाही हो. डॉक्टर म्हणालेत, आत गेली ती बाहेर येत नाही.”

“नक्की?”

“फोटो आहे घरी.”

“तरी पण,” मालक म्हणाले, “विषाची परीक्षा कशाला?”

दाजींची केबिन सुटली, तशी ताई पुन्हा भावाकडे गेली. या वेळी ती आवाज चढवून बोलली, आणि मालकांनी तो सगळा ऐकून घेतला. मग शांतपणे म्हणाले, “ताई, नीट विचार कर. कॉम्प्युटर गेला तर कारखाना जाईल. कारखाना गेला तर दाजींचं काम जाईल. काम गेलं तर औषधपाणी कुठून होईल? म्हणजे हे मी दाजींसाठीच करतोय ना?”

या बोलण्यालाही रबराची पट्टी बसवलेली होती. कुठून आत शिरावं ते ताईला समजेना. वहिनीने पुढे केलेला चहा तिने न घेता ठेवला आणि घरी आली.

आता केबिनमध्ये कुणीच बसत नाही. कॉम्प्युटरवाल्याने काहीतरी जोडून दिलंय, मालक घरूनच मजकूर पाठवतात. खुर्चीही काढली, गादीत धूळ धरते म्हणून. ती आता ग्राइंडरपाशी आहे. दाजींना उभ्याने दम लागतो, तेव्हा मालकांनीच आठवणीने तिथे ठेवायला लावली. दिवसभर कडा झाल्या की संध्याकाळी दाजी ओल्या फडक्याने केबिनची काच पुसतात. बाहेरून. आत एसी चालू असतो आणि डब्याचा हिरवा दिवा लागलेला असतो. दाजी काचेशी तोंड नेऊन तो लागलाय ना एवढं पाहतात आणि मग तोंडाची उमटलेली वाफ पुसून टाकतात.

घरी जिन्यावर ते तीनदा थांबतात. बायको दार उघडून वरच उभी असते. खाली उतरून आधार द्यावा तर ते चिडतात, म्हणून नुसती उभी राहते.

परवा ते वर पोचल्यावर तिने त्यांच्या हातातला जेवणाचा डबा घेतला आणि विचारलं, “आज बरं होतं का?”

दाजी चौकटीला टेकले. बोलण्याइतका श्वास गोळा व्हायला जरा वेळ गेला.

“हो,” ते म्हणाले. “एकदाही बंद पडला नाही.”