उत्तरेश्वराचा हात कसा सुटला

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. गोटा म्हणजे तालमीतला उचलायचा दगड. आज माझ्याकडे पाहाल तर मी तुम्हाला देवच वाटेन. अंगभर शेंदराची पुटे चढली आहेत, समोर कोणीतरी नारळ फोडून ठेवलेला असतो आणि येणारा-जाणारा हात जोडून पुढे जातो. पण मी देव नाही. देव शेजारच्या देवळात आहे, मी त्याच्या पारावर पडलेला अडीच मणाचा दगड. वडवणीच्या अलीकडे, बालाघाटाच्या पायथ्याला आमचे गाव आहे. एक गोष्ट तिथे फक्त मला ठाऊक उरली आहे आणि ती मला स्वस्थ पडू देत नाही. म्हणून म्हटले, तुम्हाला सांगून टाकावी.

माझा जन्म निजामाच्या राज्यातला. तहसिलीचे कागद उर्दूत निघत आणि बाजारात हाली रुपया चाले, तेव्हाची ही गोष्ट. गावच्या तालमीचे वस्ताद होते आश्रुबा. आवाज असा की कुस्तीच्या हौद्यातली माती दबून बसावी. त्यांनी म्हाळू पाथरवटाला डोंगरातून काळा दगड आणायला लावला. म्हाळूने महिनाभर टाकी चालवून मला गोल केले, पण गुळगुळीत केले नाही. कोणीतरी त्याला हटकले तेव्हा तो म्हणाला, "आरशावानी घोटला तर हाताला काय घावंल? गडी मरंल की!" म्हणून माझ्या अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे राहिले. लाल मातीने माखलेले तळवे त्यांत घट्ट बसत.

तालमीत माझ्याबद्दल एकच नियम होता. मला माती चालेल, तेल चालणार नाही. मालिश करून तेलकट हाताने कोणी जवळ आला तर वस्ताद त्याला गचांडी धरून बाहेर काढीत. हा नियम तालमीत सगळ्यांना पाठ होता. बाहेरच्यांना तो ठाऊक असायचे कारणच नव्हते. बायकांनी तर तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशीच रीत होती.

वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, मला बाहेर काढून पारावर ठेवीत. त्या दिवशी पाच गावांचे वस्ताद पंच म्हणून बसत. आधी असे अंगफेरी. लंगोट लावलेला गडी पारावर उभा राहून अगदी सावकाश स्वतःभोवती फिरायचा आणि पंच नुसते बघायचे. दंड, छाती, पाठ, मांड्या, पिंढऱ्या. छाती भरलेली आणि पाय काटकुळे दिसले तर म्हणायचे, "अर्धंच अंग आणलंस की बे! बाकीचं घरी इसरलास का?" अंगफेरीत उतरेल त्यालाच मला हात लावायची परवानगी. मग मला खांद्यावर घेऊन देवळाला एक पुरी प्रदक्षिणा घालायची. जो घालील त्याला चांदीचे कडे. अकरा वर्षे ते कडे वस्तादांच्या पेटीत पडून होते. कोणी मला गुडघ्यापर्यंत आणले, कोणी छातीपर्यंत. दोघे-तिघे खांद्यावर घेऊन चार पावले चाललेही, पण प्रदक्षिणा कोणाला जमली नाही. मला त्याचा भारी गर्व होता, खोटे कशाला बोलू?

उत्तरेश्वर पहिल्यांदा अंगफेरीला उभा राहिला तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाप पटकीत गेलेला, घरी आई साखराबाई आणि एक म्हैस. पोरगे नुसते उंच वाढलेले. पंच पोट धरून हसले. दुसरा कोणी असता तर तालमीचा रस्ता विसरला असता. हा दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी हजर!

पुढची चार वर्षे मी त्याला रोज पाहिले. पाचशे जोर, हजार बैठका, मग मुद्गल, मग मल्लखांब. ताप असला तरी तेवढेच, सण असला तरी तेवढेच. भिजवलेले हरभरे मोजून खायचा. मिरची सोडली, गूळ सोडला, चुलतभावाच्या लग्नातही तो जेवला नाही. सकाळचे ऊन तालमीच्या भिंतीवर आले की तिथे स्वतःची सावली पाडून तो हळूहळू फिरायचा आणि कुठे काय कमी आहे ते बघायचा. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर बारीक आहे, हे त्याला त्या सावलीत दिसले. मग सहा महिने त्याने डाव्या हाताने जास्तीचे मुद्गल फिरवले. स्वतःचेच अंग त्याला परक्याच्या शेतासारखे झाले होते. बांधावर उभे राहून बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

सगळे गेल्यावर तो माझ्यासमोर मांडी घालून बसे, डोळे मिटे आणि मनातल्या मनात मला उचले. बोटे कुठे लागतील, श्वास कधी कोंडायचा, सगळे जागच्या जागी बसून. त्याच्या कपाळावर खरा घाम यायचा. वस्तादांनी एकदा ते पाहिले आणि म्हणाले, "हात मागनं उचलतेत रं. आधी डोस्क्यानं उचलावं लागतंय. तुला कळलं हाय ते." वस्तादांच्या तोंडून याहून मोठे कौतुक मी ऐकले नाही.

माझा गर्व तिथेच संपला. मला वाटू लागले, या पोराच्या खांद्यावर आपण जावे. दगडाला आवडनिवड असते हे तुम्हाला पटणार नाही, पण होती.

आता साखराबाईचे सांगतो. म्हशीचे दूध ती पूर्वी विकायची. उत्तरेश्वर तालमीत जाऊ लागल्यापासून सगळे दूध त्याला आणि ती स्वतः कोरडी भाकरी चटणीशी खायची. पोरगा घरी येई, दूध पिई आणि झोपे. आपल्या पोराच्या अंगात काय चालले आहे ते तिला कळत नव्हते, पण त्याला कशात तरी यश हवे आहे एवढे कळत होते.

त्यात वस्तादांची एक रीत होती. ज्याला प्रदक्षिणेचा गोटा उचलायचा, त्याने यात्रेआधी सव्वा महिना मौन पाळायचे. बोलण्यातून दम जातो म्हणत. उत्तरेश्वराने चौथ्या वर्षी ते मौन धरले आणि इतके काटेकोर पाळले की आईशीही खुणेने बोलेना. सव्वा महिना त्या घरात एकच माणूस बोलत होते आणि उत्तर कोणी देत नव्हते.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मला पारावर आणून ठेवले. सकाळी उजाडता उजाडता साखराबाई आली. हातात पितळेची वाटी होती, करडईच्या तेलाने भरलेली. ते तेल तिने भाकरीवर न घेता महिनाभर थेंब थेंब साठवले होते, हे तिनेच मला सांगितले. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच जवळून पाहत होती.

"तू हायस व्हय त्यो," ती म्हणाली. "माझं लेकरू माझ्याशी बोलंना झालंय. तुझ्यापाशी मात्र घटका-घटका बसतंय म्हनं. कावून रं बाबा? तुला मी काय वंगाळ केलं?"

मग तिने सगळी वाटी माझ्यावर ओतली. मारुतीला शनिवारी तेल वाहतात तसेच. नुसते ओतून थांबली नाही. तळहाताने माझ्या एकेका खड्ड्यात ते तेल जिरवत राहिली, लेकराचे डोके चोळावे तसे. "माझ्या उत्तरेश्वराला हलका हो," म्हणाली. "एवढं एकच मागतीय. हलका हो बाबा."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! बाई, पुसून टाक ते, पदराने पूस, मातीने पूस, तुझ्या पोराचा जीव जाईल, असे मी आतल्या आत किती ओरडलो ते मलाच ठाऊक. ती मला नमस्कार करून निघून गेली.

थोड्याच वेळात गुलाल आला. यात्रेला आलेल्यांनी मुठी-मुठीने माझ्यावर उधळला आणि तो तेलाला चिकटून बसला. वरून मी सुका लालभडक दिसत होतो. वस्तादांनी दुरून पाहिले आणि त्यांना काही वावगे वाटले नाही.

अंगफेरीला उत्तरेश्वर उभा राहिला. तो सावकाश फिरला. पाच पंचांतला एकही हसला नाही. सगळ्यांत म्हातारे पंच उठून उभे राहिले आणि नुसते म्हणाले, "पुरं अंग आणलंय."

मग त्याने तळव्यांना माती लावली आणि माझ्याजवळ बसला. बोटे लागली तेव्हाच त्याला काहीतरी कळले असावे. क्षणभर तो थबकला. पण सव्वा महिन्याचे मौन गोटा खांद्यावर जाईपर्यंत मोडायचे नव्हते आणि चार वर्षे मनात हजारदा उचललेला दगड आता खाली ठेवायचा कसा? त्याने मला पोटाशी घेतले, मांड्यांवर पेलले, छातीवर आणले. त्याचे काळीज माझ्यावर धडधडत होते. मी खांद्याच्या वर निघालो होतो. डाव्या हाताची बोटे एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात सरकली, मग कोणत्याच खड्ड्यात राहिली नाहीत.

मी पडलो तो त्याच्या उजव्या गुडघ्यावर.

हाड मोडल्याचा तो आवाज मी कधी विसरलो नाही. अजून चैत्रात पहाटे पारावर माणसाचे पाऊल वाजले की तो मला पुन्हा ऐकू येतो.

लोक धावले. पण मी त्याच्या अगदी लगत पडलो होतो, म्हणून पुढचे मी पाहिले आणि दुसऱ्या कोणी नाही. त्या वेदनेतही उत्तरेश्वराने आपला तळवा नाकाशी नेला. करडईचे तेल होते. त्याने मान वळवली. गर्दीत त्याची आई ऊर बडवत उभी होती आणि तिच्या कमरेला ती रिकामी पितळी वाटी खोचलेली होती. त्याने ती पाहिली. मग मुठीभर माती घेऊन त्याने स्वतःचे तळवे घासघासून पुसले आणि उरलेली माती माझ्यावर लोटली.

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांनी जागीच विचारले, "कसूर किसका है?"

वस्ताद उत्तरेश्वराच्या तोंडाशी वाकले होते. ज्या माणसाने चार वर्षे एका पकडीसाठी घालवली होती, तो सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा बोलला आणि पाच गावांच्या देखत म्हणाला, "कुनाचा न्हाई साहेब. माझाच हात सुटला."

अमीनसाहेबांच्या कारकुनाने तेच उर्दूत लिहून घेतले.

पाय मांडीपासून गेला. मग अंगही गेले. आधी पिंढऱ्या, मग दंड. चार वर्षांत चढलेले वर्षभरात उतरले. मला तालमीत परत नेले नाही. ज्याने माणूस मोडला तो दगड कडक देव असणार, असे ठरवून लोकांनी शेंदूर फासला. तालमीत मात्र नव्या गड्यांना सांगू लागले, "गर्व करू नका. उत्तरेश्वराला गर्व झाला आन् हात सुटला." तो कुबडी टेकत पारावर येऊन बसे, ते ऐके आणि मान खाली घाली. आश्रुबा वस्तादांनी एकदा माझ्या शेंदराचा पोपडा नखाने उकरला आणि खालच्या खड्ड्यात, यात्रेच्या गुलालाच्याही तळाशी, जिरलेले तेल बोटावर घेऊन बघितले. उत्तरेश्वराने त्यांच्याकडे पाहून हात जोडले. वस्तादांनी तो पोपडा पुन्हा जागी दाबला, ते घरी गेले आणि त्यांनी मौनाची रीत त्याच वर्षी बंद केली.

साखराबाई दर शनिवारी मला तेल वाहतच राहिली. एके शनिवारी, म्हातारी झाल्यावर, लेकाला घेऊन ती माझ्यासमोर बसली होती. सून नाही, नातवंड नाही, दारची म्हैस विकलेली. तिच्या मनात साचलेले त्या दिवशी बाहेर पडले.

"मी देवाला काय कमी केलतं?" ती म्हणाली. "माझ्या तोंडचं तेल वाहिलं हुतं त्या दिशी. त्यानं ऐकलं बी असंल. तूच ढिला धरलास, उत्तरेश्वरा. तूच. जलम गेला माझा तुझ्या एका हातापायी."

मी वाट पाहत होतो. आता तरी सांगेल, मला वाटले. एवढे ऐकून कोण गप्प राहील?

त्याने आईच्या तेलकट हाताला आपल्या धोतराचा सोगा लावला आणि एकेक बोट पुसून दिले.

"व्हय आई," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

ती समाधानाने उठली. दोघेही आता नाहीत. ते चांदीचे कडे कुठे गेले कोणास ठाऊक.

मित्रांनो, मला नमस्कार करू नका. मला शेंदूर लावू नका, तेल तर मुळीच नको. जमले तर हे सगळे खरवडून काढा, म्हाळूने दिलेले माझे खड्डे मोकळे करा आणि मातीच्या हातांनी मला उचलून बघा. अंग कमवा, जिवापाड कमवा. पण घरी जे माणूस तुमच्यासाठी कोरडी भाकरी खाते, त्याच्याशी रोज चार शब्द बोला. तुम्ही बोलला नाहीत तर ते दगडाशी बोलायला येईल. आणि दगडाला उत्तर देता येत नाही.